‘हृदयाचं काम आहे, दुसरं मत घेत बसू नका’: या सल्ल्यातली गफलत

व्हॉट्सॲपवर एक संदेश बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं की लगेच उरकून घ्या. नव्वद टक्के ब्लॉकेज म्हणजे छातीतला टाइमबॉम्ब, सेकंड ओपिनियन घेत फिरणारे वाटेतच जातात. आकडा रिपोर्टमध्ये लिहिलेला असतो, दुसरा डॉक्टर त्यात काय वेगळं वाचणार? तो उलटंच सांगणार, कारण त्याला पेशंट ओढायचा असतो. आणि पहिल्या डॉक्टरांना कळलं तर ते दुखावतात, मग मनापासून उपचार करत नाहीत.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. ऑपरेशन आज-उद्या करत ढकलत राहिलेलं कुणीतरी दगावलं, असं त्यानं जवळून पाहिलं असेल. पण या संदेशानं दोन अगदी वेगळे पेशंट एकाच खाटेवर झोपवले आहेत. एकाला आत्ता, या मिनिटाला अटॅक आलाय. दुसरा स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आला आणि ‘पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा’ हे ऐकून घरी गेला. संदेशातले जवळपास सगळे मुद्दे पहिल्यासाठी खरे आहेत आणि पाठवले जातात दुसऱ्याला.

‘वेळ घालवाल तर जीव जाईल’

यातलं खरं आहे ते आधी मान्य करू. हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद पडून अटॅक येतो तेव्हा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. वैद्यकीय मदतीशी पहिला संपर्क झाल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती वाहिनी उघडावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. महाधमनीचा आतला थर हृदयाजवळ फाटला तर सुरुवातीच्या तासांत मृत्यूचा धोका दर तासाला १ ते २ टक्क्यांनी चढत जातो. अशा वेळी समोरची टीम सांगेल तिथे सही करावी. तिथे दुसरं मत मागत बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मधला एक गट आहे, तोही सांभाळून ओळखायला हवा. बसल्या जागी छातीत दुखतंय, दुखणं वाढत चाललंय, डॉक्टर म्हणतात घरी सोडता येणार नाही. इथे फिरायला वेळ नाही. पण त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला अँजिओग्राफीची फिल्म दाखवा, किंवा ती बाहेरच्या डॉक्टरांना पाठवा, असं म्हणता येतं. पेशंट खाटेवरून हलतसुद्धा नाही आणि काम होतं.

उरले ते स्थिर पेशंट. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, महिनोन्‌महिने तसंच आहे. यांच्यासाठी ‘टाइमबॉम्ब’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात ३७ देशांमधले ५,१७९ स्थिर पेशंट होते, आणि ताणाच्या चाचणीत सगळ्यांच्या हृदयाला मध्यम किंवा जास्त प्रमाणात रक्त कमी पडत होतं. निम्म्यांची लवकर अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केली. उरलेल्यांना आधी नीट औषधोपचार, आणि त्यानं भागलं नाही तरच पुढचं. साधारण सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४४. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं, आणि तो फायदा छोटा नाही.

हा अभ्यास ज्याच्या-त्याच्या तोंडावर फेकू नये, कारण त्यात कोण नव्हतं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. डाव्या मुख्य धमनीत, म्हणजे ‘लेफ्ट मेन’मध्ये, मोठा अडथळा असलेले, हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले आणि नुकताच अटॅक येऊन गेलेले लोक त्यातून वगळले होते. आपला पेशंट यांपैकी कोण, हे ठरवणं हेच दुसऱ्या मताचं पहिलं काम.

शिवाय अटॅक कुठून येतो? अनेकदा फिल्ममध्ये नजरेत फारशा न भरणाऱ्या, चरबीच्या मऊ थरातून. तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. सर्वांत अरुंद जागा सर्वांत धोक्याची, हे समीकरण म्हणूनच कच्चं आहे. आणि गोळ्या म्हणजे ‘काहीच न करणं’ ही समजूतही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी अख्ख्या शरीरातल्या वाहिन्यांवर काम करतात, स्टेंट त्या एका जागेवर.

झडपेच्या आजारात हिशेब वेगळा. महाधमनीची झडप गंभीर आकसली असेल आणि दम लागणं, चक्कर, छातीत दुखणं सुरू झालं असेल, तर उपचाराविना उरलेलं आयुष्य सरासरी काही वर्षांचंच असतं. तिथे महिने घालवणं अंगाशी येतं. म्हणून पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारून घ्यावा: ‘डॉक्टर, मला किती दिवस थांबता येईल?’ उत्तर ‘आज रात्री’ असेल, ‘दोन आठवडे’ असेल, ‘दोन महिनेही चालतील’ असेल. त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, आणि संदेशात नेमका हाच प्रश्न नाही.

‘नव्वद टक्के म्हणजे नव्वद टक्के’

हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून जरा जवळ जाऊन पाहू.

अँजिओग्राफीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये रक्तवाहिनीची भिंत दिसतच नाही. दिसते ती वाहिनीत सोडलेल्या डायची, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या औषधाची, काळी सावली. सावली एका ठिकाणी बारीक होते, डॉक्टर शेजारच्या धडधाकट भागाशी तुलना करतात आणि बहुतेक वेळा नजरेनं आकडा सांगतात. शेजारचा भागही मुळात आजारी असेल तर तुलनाच फसते. कॅमेऱ्याचा कोन बदलला की तीच जागा कमी-जास्त अरुंद दिसते. त्यात टक्के व्यासाचे की क्षेत्रफळाचे, हा घोळ वेगळाच. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाऊण हिश्श्यानं घटतं, त्यामुळे एकच अडथळा एका भाषेत ५० टक्के आणि दुसऱ्या भाषेत ७५ टक्के. दोन जाणकारांनी एकाच फिल्मवर ६० आणि ८० म्हणावं, यात कुणी कुणाला फसवलेलं असतंच असं नाही.

पुढचा प्रश्न त्याहून मोठा: अरुंद आहे हे खरं, पण रक्त अडतंय का? ते मोजायला वाहिनीत केसासारखी बारीक प्रेशर वायर सोडतात आणि अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब बघतात. या मोजणीला एफएफआर म्हणतात. गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा अर्थपूर्ण धरतात. २००९ च्या ‘फेम’ अभ्यासातल्या पेशंटांमध्ये नजरेनं ५० ते ७० टक्के ठरवलेले अडथळे जेव्हा असे मोजले, तेव्हा जेमतेम ३५ टक्के खरोखर रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्क्यांच्या गटात ८० टक्के. म्हणजे ज्याला ‘ऐंशी टक्के ब्लॉक’ म्हणून घाम फोडला जातो, त्या गटातही पाचातला एक तसा नव्हता. नव्वदच्या वर मात्र जवळजवळ सगळेच अडवत होते, तेवढ्यापुरता संदेश बरोबर आहे.

पण रक्त अडतंय हे नक्की झालं तरी काय करायचं ते आकडा सांगत नाही. कुठली वाहिनी, किती वाहिन्या, पंपिंग किती, मूत्रपिंडं कशी, मधुमेह आहे का. शेवटच्या एका गोष्टीनं सगळा निर्णय फिरू शकतो. २०१२ च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात एकाहून जास्त वाहिन्यांचा आजार असलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत स्टेंट घातलेल्यांपैकी १६.३ टक्के दगावले, बायपास झालेल्यांपैकी १०.९ टक्के. पक्षाघात मात्र बायपासच्या गटात जास्त झाले. तेव्हा ‘ब्लॉक आहे ना, मग लावा स्टेंट’ हे तिथे सोपं वाटलं तरी बऱ्याच जणांसाठी कमी प्रतीचं उत्तर ठरतं.

आता प्रत्यक्षात हा निर्णय कसा होतो ते आठवा. नातेवाइकांना कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीच्या, दारापाशी बोलावतात. आत पेशंट टेबलावर, शुद्धीवर, मनगटातून नळी गेलेली. पडद्यावर एक चित्र थांबवलेलं. त्यावर बोट ठेवून सांगतात, ‘हे बघा, इथे. आत्ताच करून घेऊ या का?’ कागद पुढे येतो, पेनसकट. त्या अवस्थेत कोण नाही म्हणेल? अटॅकमध्ये हे असंच व्हायला हवं. स्थिर पेशंटच्या तीन वाहिन्या किंवा लेफ्ट मेनचा प्रश्न असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवावं, असं युरोपीय आणि अमेरिकी मार्गदर्शक सूचना गेली कित्येक वर्षं सांगतायत. त्यासाठी अँजिओग्राफीच्या आधीच सांगून ठेवता येतं, आणि संमतिपत्रावर लिहिताही येतं: ‘आज फक्त अँजिओग्राफी, पुढचा निर्णय नंतर.’ पुन्हा एकदा सुई टोचून घ्यावी लागेल, हा त्याचा तोटा. छोट्या, सरळसोट अडथळ्यासाठी तो तोटा नकोसा वाटू शकतो. बायपास की स्टेंट असा प्रश्न असेल तर मला तो क्षुल्लक वाटतो.

‘दुसरा उलटंच सांगणार’

सांगतोही कधी कधी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१७ साली दुसऱ्या मतासाठी पाठवलेल्या २८६ पेशंटांचा हिशेब मांडला. हे फक्त हृदयाचे नव्हते, सगळ्या प्रकारचे होते. २१ टक्क्यांमध्ये निदान साफ वेगळं निघालं, १२ टक्क्यांमध्ये जसंच्या तसं राहिलं आणि ६६ टक्क्यांमध्ये ते अधिक नेमकं झालं. म्हणजे बहुतांश वेळा दुसरा डॉक्टर पहिल्याला खोटा पाडत नाही, पहिल्याच्या कामावर पुढचा हात फिरवतो.

उलट टोकाचे संदेशही फिरतात: ‘दहातली आठ ऑपरेशनं फालतू असतात.’ अशा लोकांच्या हाती लागेल असा एक जुना आकडा आहे. १९९२ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दुसऱ्या मतासाठी आलेल्या १६८ लोकांची माहिती छापली होती. त्यांतल्या १३४ जणांना, म्हणजे ८० टक्क्यांना, सध्या अँजिओग्राफीची गरज नाही असं त्यांनी सांगितलं. पण प्रश्न अँजिओग्राफीचा होता, ऑपरेशनचा नव्हे. आलेले लोक दुसरं मत शोधतच आलेले होते. आणि तेव्हाच्या उपचारांत नि आजच्यात तीन दशकांचं अंतर आहे. या आकड्यावरून ऑपरेशन टाळणं म्हणजे एका अफवेवर दुसरीचा उतारा.

कित्येकदा दुसरं मत ऑपरेशनच्याच बाजूनं जातं, फक्त वेगळ्या ऑपरेशनच्या. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, गळत असेल तर ती बदलायची की दुरुस्त करायची? दुरुस्त झाली तर धातूच्या झडपेसाठी लागणारी रक्त पातळ करणारी जन्माची गोळी आणि आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते पाहणाऱ्या, सततच्या तपासण्या टळतात. पण ही दुरुस्ती सर्जनच्या सरावावर फार अवलंबून असते. जो ती क्वचित करतो तो बदलायलाच सुचवणार, आणि त्याच्या हातून तेच सुरक्षितही असेल. महाधमनीची झडप २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा छाती न उघडता, नळीतून बसवली. आज वयस्कर पेशंटांमध्ये हा रुळलेला उपचार आहे, पण जिथे ती सोय नाही तिथे तो सुचवला जाईलच असं नाही. यात लबाडी शोधायची गरज नाही. प्रत्येकजण आपल्याला येणारं सुचवतो. म्हणून पहिलं मत स्टेंट टाकणाऱ्याचं असेल तर दुसरं बायपास करणाऱ्या सर्जनचं घ्यावं, आणि उलट.

‘डॉक्टर दुखावतात’

दुखावले तर दुखावू देत. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९८१ च्या आणि १९९५ साली सुधारलेल्या लिस्बन जाहीरनाम्यात उपचाराच्या कुठल्याही टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागण्याचा पेशंटचा हक्क नोंदवलेला आहे, आणि ती संघटना डॉक्टरांचीच आहे. चोरून जाण्यापेक्षा ‘घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दाखवून घेतो, सीडी मिळेल का?’ असं सरळ विचारावं. मोठ्या ऑपरेशनाआधी हे ऐकायची सवय बहुतेकांना असते.

सीडीचा आग्रह मात्र सोडू नका. छापील रिपोर्टवर दुसरं मत घेणं म्हणजे पहिलंच मत पुन्हा वाचून घेणं. हलती फिल्म, इकोचा रिपोर्ट, जुने-नवे ईसीजी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, साखरेचं एचबीएवनसी, चालू गोळ्यांची यादी, एवढं फाइलमध्ये असावं. फिल्म आधी दाखवावी, पहिल्यांनी काय सुचवलं ते नंतर सांगावं. मग विचारावं: यानं आयुष्य वाढेल की दुखणं कमी होईल? तीन महिने थांबलो तर काय? हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता?

दोन मतं जुळली नाहीत तर मतमोजणी करायला तिसऱ्या, चौथ्याकडे जाऊ नका. फरक कशावरून पडला ते दोघांनाही विचारा: आकडा वेगळा वाचला, धोका वेगळा मोजला, की सोयच वेगळी आहे? जमलं तर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा.

या मधल्या दिवसांत एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. नुकताच स्टेंट बसलेला असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवणं जिवावर बेततं. ऑपरेशनाआधी क्लोपिडोग्रेल ही अशीच रक्त पातळ ठेवणारी गोळी साधारण पाच दिवस थांबवतात, पण तो दिवस सर्जनची टीम ठरवते. आणि बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, शुद्ध हरपली, तर दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट उद्याची असली तरी थेट जवळच्या इमर्जन्सीत जायचं, फाइल बरोबर घेऊन.