गोड बोलण्याच्या तीन आठवडे आधी

ठाण्यात रात्रीचे तापमान 18 अंशांपर्यंत उतरले की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कानटोप्या बाहेर निघतात आणि गच्चीवर काहीतरी कार्यक्रम ठेवण्याची चर्चा सुरू होते. यंदा 23 डिसेंबरला आपण फेस्टिव्हस साजरा करावा, असे मी सुचवले. त्यावर पहिला प्रश्न आला, "हा नक्की कोणाचा सण?" तो कोणाचाच नाही, आणि म्हणूनच तो आपल्या चारही विंगना चालण्यासारखा आहे.

डॅनियल ओकीफ नावाच्या अमेरिकन संपादकांनी 1966 मध्ये स्वतःच्या घरापुरता हा सण काढला. त्यांचा मुलगा पुढे 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा लेखक झाला आणि डिसेंबर 1997 मधल्या एका भागातून त्याने घरातला हा विक्षिप्तपणा जगापुढे मांडला. मूळ घरगुती सणात पिशवीत घातलेले घड्याळ भिंतीवर ठोकत असत. मालिकेने त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचा खांब आणला. त्या खांबाला काहीही सजवायचे नाही, एवढाच नियम. पाडव्याच्या संध्याकाळी साडी, कडुनिंब, गाठी आणि तांब्या उतरवल्यावर जी काठी हातात उरते, तिलाच सण मानावे, तसा हा प्रकार आहे. सजावट नाही म्हणजे डेकोरेटर नाही आणि डेकोरेटर नाही म्हणजे वर्गणी नाही, हा मुद्दा आमच्या खजिनदारांना तत्काळ पटला.

या सणाचा गाभा मात्र गाऱ्हाण्यांचा आहे. जेवायला बसल्यावर प्रत्येकाने समोरच्या मंडळींना, वर्षभरात तुम्ही मला कुठे कुठे निराश केलेत, हे तोंडावर सांगायचे. यावर आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, "मग आपला शिमगा काय वाईट?" असे विचारले, आणि आक्षेप वजनदार होता. परंतु शिमग्याची बोंब घोळक्यात मारली जाते. ती कोणी कोणाच्या नावाने मारली, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. येथे मात्र एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ताटावर बसून ऐकायचे. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गाऱ्हाणी "आयत्या वेळी येणाऱ्या विषयां"त ढकलली जातात आणि ती वेळ येईपर्यंत वडे येतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरून ठिबकणारे पाणी, दुसऱ्याच्या जागेत लावलेली स्कूटर आणि पहाटे साडेपाचचा मिक्सर हे विषय वर्षानुवर्षे मनातच मुरत राहतात. (मिक्सर आमचा आहे, हे आधीच कबूल करतो.)

मला खरे आकर्षण तारखेचे आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांनी संक्रांत येते आणि आपण सारे एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याचे वचन मागतो. पोटात वर्षाची आंबट ढेकर ठेवून दिलेले ते वचन चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून कडू आधी बोलून घ्यावे आणि मग तीळ भाजायला घ्यावेत, हा क्रम मला पाकशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य वाटतो.

घरच्या कर्त्याला कुस्तीत चीत केल्याशिवाय सण संपत नाही, असाही एक नियम आहे. आमच्या चेअरमनांची कंबर लक्षात घेता तो कॅरमवर भागवावा लागेल. साध्यासुध्या घटनेला 'फेस्टिव्हसचा चमत्कार' म्हणण्याची प्रथा मात्र जशीच्या तशी ठेवावी. संध्याकाळी सात वाजता तीन हात नाक्यावरून कोणी अर्ध्या तासात घरी पोहोचला, तर दुसरा शब्द नाही.

जेवण प्रत्येकाने आपापल्या घरून आणावे. खांब म्हणून दोरीवर कपडे वाळत घालायची आमची अ‍ॅल्युमिनियमची काठी मी देऊ केली आहे, पण ती सकाळी सातच्या आत परत यायला हवी, असे घरून बजावण्यात आले आहे आणि ते माझ्याविषयीचे पहिले गाऱ्हाणे म्हणून लिहूनही ठेवले आहे.