मे महिन्यात मुठेचा उगम कुठे असतो?

पुण्यात खडकवासल्याच्या खाली भर उन्हाळ्यात मुठा म्हणून जे वाहतं, त्यात धरणाचं पाणी जवळजवळ नसतंच. ते कालव्यात आणि आपल्या नळांत गेलेलं असतं. विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत पात्रात दिसतं ते आपणच सकाळी अंघोळ करून, भांडी घासून, फ्लश ओढून सोडलेलं. थोडं शुद्ध होऊन आलेलं, थोडं नाल्यातून थेट. म्हणजे मेमधला नदीचा उगम मैलाशुद्धीकरण केंद्राच्या शेवटच्या पाइपाशी. एरवी उगम म्हटलं की आपण कुंड बांधतो, ओटी भरतो. या उगमाकडे नाकाला रुमाल लावूनसुद्धा कुणी फिरकत नाही.

मला तरी कुठे माहीत होतं? सोसायटीच्या कमिटीवर ओढला गेलो आणि आमचा छोटा एसटीपी, म्हणजे सोसायटीचं स्वतःचं मैलाशुद्धीकरण केंद्र, गळ्यात पडला. वीजबिल फार येतं आणि टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज पहिल्या मजल्यावर झोपू देत नाही, म्हणून आम्ही तो रात्री बंद ठेवायला सांगितलं. हो, त्या ठरावावर माझीही सही आहे. ऑपरेटर करमाळ्याकडचा. म्हणाला, "साहेब, रात्रभर नाक दाबून ठेवलं तर सकाळी माणूस उठंल का? टाकीतल्यांचं बी तसंच."

टाकीतले म्हणजे जिवाणू. जाळीत प्लास्टिक अडतं, पुढे वाळू खाली बसते, पण पाण्यात विरघळलेली घाण खातात ते हेच. त्यांना हवा लागते, चोवीस तास. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही रीत मांडली. बसलेला गाळ फेकायचा नाही, त्यातले जिवाणू परत टाकीत घेऊन पुन्हा कामाला लावायचे. शंभर वर्षांनंतरही बहुतेक केंद्रं याच तत्त्वावर चालतात. आमची टाकी पंधरा दिवसांत काळी पडली. मग दुसरीकडून टँकरने जिवंत गाळ आणला, वर शेण कालवून ओतलं, आणि पाणी निवळायला तीन आठवडे गेले. वाचवलेल्या विजेपेक्षा टँकरचं बिल मोठं होतं, हे इतिवृत्तात कुणी लिहिलं नाही.

आता हेच शहराएवढं करून बघा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जाचा करार झाला जानेवारी २०१६ मध्ये. प्रकल्प तेव्हा ९९० कोटींचा, अकरा नवी केंद्रं, क्षमता ३९६ एमएलडी, म्हणजे रोज ३९ कोटी ६० लाख लिटर. भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला. मधल्या सहा वर्षांत शहर थांबलं होतं का? त्याच दिवशी नदीकाठ सुशोभीकरणाचंही भूमिपूजन झालं. पुण्यात वाद घालायला तोच विषय सगळ्यांना आवडतो, कारण घाटाचं चित्र काढता येतं. जमिनीखालच्या मैलावाहिनीचं कोण काढणार?

आणि 'क्षमता' या शब्दावर माझा राग आहे. केंद्र कितीही मोठं बांधा, नाल्यातलं पाणी वाहिनीतून तिथवर पोचलंच नाही, किंवा वीज गेल्यावर पंप थांबून ते नदीकडे वळलं, तर क्षमता कागदावरच. शिवाय पाणी नितळ दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस उरले की ते जलपर्णीला खतच. ती काढायला मग दरवर्षी वेगळी निविदा.

चांगलंही सांगतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून, शहराचं वापरलेलं पाणी उचलून बेबी कालव्यात, शेतीसाठी सोडलं जातं. कल्पना उत्तम. पण म्हणूनच ते कसं शुद्ध केलंय हा प्रश्न फक्त माशांपुरता राहत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्राच्या फाटकावर फळा लावा: काल किती आलं, किती शुद्ध होऊन गेलं, बीओडी (उरलेली घाण पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचं माप) किती, वीज किती तास नव्हती. पेट्रोल पंपावर भाव लिहितात तसं, रोज.

आमच्याकडे असा फळा लागलाय. खडूने लिहितो तो ऑपरेटरच. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि त्याच्या घरचं पाणी उजनीचं. परवा त्याने आकड्यांखाली स्वतःहून एक ओळ घातली होती: 'आज पाणी गावाला पाठवण्याजोगं.'

रविवारच्या मीटिंगमध्ये ब्लोअरच्या आवाजाचा विषय पुन्हा आहे.