काका, ते ‘मनाला येईल ते’ नसतं

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. सिव्हिल लाइन्समधली जॅझची मैफल आणि धरमपेठेतलं चित्रप्रदर्शन यावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही. जॅझवाले मनाला येईल ते वाजवतात, हे चित्रकार मनाला येईल ते फासतात आणि गायक वसंतराव देशपांडे यांच्या नागपूरला या दोन्हीशी काही देणंघेणं नाही, असं तुम्ही म्हणता. शिवाय ‘जॅझ आणि रागसंगीत एकच’ हे माझं वाक्य तुम्हाला लागलं.

त्या वाक्याबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी मागे घेते. आपल्याकडे तानपुरा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून बसतो आणि राग त्याच्याभोवती उलगडत जातो. जॅझमध्ये दर काही मात्रांनी खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलतात आणि वाजवणाऱ्याला त्यांच्यासोबत सरकावं लागतं. षड्जाला सरावलेल्या कानाला ते अस्थिर वाटणारच. दोन्हीकडे उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं रचत जाणं, आहे एवढंच मला म्हणायचं होतं, घाईत भलतंच लिहून गेले. तिकीट महाग होतं, हेही मान्य.

पण ‘मनाला येईल ते’ नाही हो. त्या संध्याकाळी त्यांनी एक ब्लूज वाजवला, म्हणजे ठरलेल्या आवर्तनावर बांधलेली रचना. त्याचं आवर्तन 12 बारचं, दर बारमध्ये 4 मात्रा, म्हणजे 48 मात्रा. सॅक्सोफोनवाला कितीही लांब गेला तरी खाली बेसवाला ते आवर्तन चालवतच होता. मी दुसऱ्या रांगेत होते. बेसवाल्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती, इतक्या जाड तारा तो तासभर ओढत होता. ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवल्या आणि तारांचे ब्रश घेऊन ते ड्रमवर गोल फिरवू लागला, सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज. तेवढ्यात सॅक्सोफोनचा एक सूर भलतीकडेच पडला. मला वाटलं, चुकला. त्याने तोच सूर मुद्दाम पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा, आणि पियानोवाल्याने त्याच्याखाली असा कॉर्ड ठेवला की तो सूर तिथलाच होऊन गेला. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर चौघंही एकदम आले. माझ्या शेजारी एक आजोबा होते, तोवर गप्प बसलेले. नेमके त्याच मात्रेला ते ‘वा!’ म्हणाले.

वसंतरावांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते. नागपुरात ते शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. त्याच गुरुजींकडे राम चितळकरही शिकले, म्हणजे आपले संगीतकार सी. रामचंद्र. त्यांच्या 1951च्या ‘अलबेला’ सिनेमात ट्रम्पेट घेऊन दिसतो तो चिक चॉकलेट, मुंबईत जॅझ वाजवणारा गोव्याचा कलावंत. एका गुरूकडून निघालेल्या या दोन वाटा आहेत, त्यातली एकच नागपूरची कशी म्हणायची?

आणि चित्रांचं म्हणाल, तर वासुदेव गायतोंडे 1924 साली याच गावात जन्मले. रोलरने रंग चढवायचा, सुरीने तो खरवडायचा, पुन्हा चढवायचा, अशी त्यांची अमूर्त चित्रं. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या जन्मगावात किती घरांत हे नाव ठाऊक आहे, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

धरमपेठेतल्या ज्या करड्या चित्राला तुम्ही ‘भिंतीची पुट्टी’ म्हणालात, ते फोटोत बघून म्हणालात. समोर उभं राहून नाही, जरा बाजूने बघा. कॅनव्हासच्या कडेला खालचे थर उघडे राहिलेत: आधी गेरू, त्यावर निळा, मग पिवळट पांढरा आणि सर्वांत वर करडा. एकदा ती कड बघितली, की समोरच्या करड्यातही गेरू दिसायला लागतो. खिडकीतून ऊन तिरपं आलं की जास्तच. मी दोनदा गेले तेव्हा दोन्ही वेळा ते चित्र वेगळं होतं.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास या, तेव्हा ऊन बरोबर त्या भिंतीवर असतं. मी तिथे असेन.