आम्ही काही खास करत नाही

मुलगा इयर फोरमधे होता तेव्हाची गोष्ट. शाळा सुटायची वाट बघत उभी होते, शेजारी एक मराठी आई, तिला सहज विचारलं, तुम्ही ग्रामर स्कूलचं काही बघताय का? "छे गं, आम्ही काही खास करत नाही." आणि दप्तर ठेवायला तिने डिकी उघडली तर आत व्हर्बल रीझनिंगची चार पुस्तकं आणि एक स्टॉपवॉच. मी घरी येताना ट्यूटर शोधायला लागले. मिळाला, पण वेटिंग लिस्टवर.

ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी हायस्कूलं, आमच्या स्लाऊमधे चार. अख्ख्या इंग्लंडात मिळून 163, म्हणजे आम्हाला अगदी दारात गंगा! फी नाही, फक्त इलेव्हन प्लस नावाची प्रवेश परीक्षा पास व्हायचं. पण ती परीक्षा असते इयर सिक्सच्या सप्टेंबरात, आणि रेशो नि अल्जेब्रा शाळेत शिकवतात इयर सिक्समधेच, म्हणजे धडा उघडायच्या आधीच परीक्षा. बाईंना विचारलं तर गोड हसून म्हणाल्या, आम्ही याची तयारी करून घेत नाही, पण तो फार काइंड मुलगा आहे. अहो, काइंडनेसचा पेपर नसतो ना!

सासूबाईंना तर पाच वर्षांनी कळलं की नातू सरकारी प्रायमरीत जातो. "एवढं विमानाने जाऊन झेडपीच्याच शाळेत घातलंत?"

नवऱ्याला मात्र भलताच हुरूप आला. त्याला चौथीत स्कॉलरशिप मिळाली होती, हे आमच्या लग्नाआधीपासून मला माहीत आहे. "नॉन-व्हर्बल म्हणजे आपली बुद्धिमत्ता चाचणी गं, आरशातलं घड्याळ, वेगळी आकृती ओळखा, मी शिकवतो." पहिल्याच रविवारी घडी उलगडलेल्या ठोकळ्यांचं गणित आलं. ह्याचं उत्तर सी, पुस्तकाचं ई. मग सीरिअलचा खोका कापला, ठोकळा केला, त्यावर चांदण्या-त्रिकोण काढले, दोघं जमिनीवर बसून तो फिरवतोय, स्वयंपाकघरभर कॉर्नफ्लेक्स, तोवर चिरंजीव पुढचे दहा प्रश्न सोडवून खेळायला पळाले. शेवटी नवऱ्याने निकाल दिला, छपाईची चूक आहे.

माझ्या वाट्याला व्होकॅब्युलरी. आमच्या घरातलं इंग्लिश म्हणजे 'शूज काढ' आणि 'वायफाय बंद कर', त्यात आता 'रेटिसंट' आणि 'अ‍ॅम्बिव्हलंट' कुठून आणायचे? म्हणून घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजवर 'फ्रूगल', टॉयलेटच्या दारावर 'इमिनंट', सोफ्यावर जिथे नवरा बसतो तिथे 'लेथार्जिक', म्हणजे सुस्त. त्याला अर्थ बघायला तीन दिवस लागले, यातच काय ते आलं.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची. इथे वर्गाचं वय मोजतात 31 ऑगस्टपर्यंत आणि आमचा जन्मला 30 ला. चार वर्षांचा होतो न होतो तोच शाळेत गेला, जाकिटाची चेनही लावता येत नव्हती, तेव्हा मी किती रडले होते. पण ह्या परीक्षेत वय बघून स्कोअर अ‍ॅडजस्ट करतात, लहान मुलाला त्याचा फायदा, आणि पास व्हायला लागतो 111. तर आता सप्टेंबरात जन्मलेल्यांच्या आया माझ्याकडे अशा बघतात की जणू मी सगळं पंचांग बघून केलं होतं. (मी तसं कुणाला नाही म्हणत नाही.)

आणि परीक्षा नेमकी गणपतीच्या आठवड्यात, शनिवारी. मंडळात आरतीला गेलो तर सगळ्या आया डोळे मिटून उभ्या, इतकी भक्ती मी इथे आधी कधी पाहिली नव्हती. प्रसाद घेताना एकीने विचारलंच, "काय, झाली का तयारी?" मी म्हटलं, "छे गं, आम्ही काही खास करत नाही." पर्समधे नऊ मॉक टेस्टचे निकाल होते, घडी घालून.

शनिवारी पोरगं हॉलमधून बाहेर आलं. कसा गेला? "ओके." अजून? "एका मुलाला उलटी झाली." बस्स, दोन वर्षांचा एवढाच वृत्तांत. गाडीत बसल्यावर अचानक म्हणाला, "आई, तू चिकटवलेला एक शब्द आला होता!" मी जवळजवळ सिग्नल तोडला. "कुठला रे? फ्रिजवरचा?"

"नाही, बाबावरचा."

"मग? काय लिहिलंस?"

"बी," तो म्हणाला. "हार्डवर्किंग."