स्मृती गेली, खर्च वाचला

भुताला मेकअप लागतो. रक्ताला रंग लागतो, आणि तो गालिच्यावर सांडला तर धुलाई लागते. स्मृती घालवायला मात्र दमडी लागत नाही. नायिकेच्या कपाळाला पांढरी पट्टी बांधायची, तिला छताकडे बघायला लावायचं आणि "मी... कोण आहे?" एवढं म्हणवून घ्यायचं. झाला सिनेमा सुरू. दोन प्रसंगांनंतर ती पट्टीसुद्धा सोडून, घडी घालून ठेवता येते. पुढच्या सिनेमातल्या नायिकेला होते.

हे अर्थशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगावर आलेलं आहे. शनिवारी रात्री आमच्या घरी काय बघायचं हे सर्वानुमते ठरतं आणि सर्वानुमते म्हणजे मुलगी ठरवते. तिला भयपट आवडतात. बायकोला भुतंखेतं नकोत, पण रहस्य हवं. आईला दोन्ही नको, पण सगळे जागे असताना आपण एकटीनं जाऊन झोपायचं हे तिला मान्य नाही. या तिघींचा मसावि काढला की उत्तर दर वेळी तेच येतं : स्मृती गेलेली बाई, जुनं घर आणि घराण्याचं गुपित. मला काय आवडतं हे कुणी विचारत नाही. मला झोप आवडते.

परवाचाच सिनेमा घ्या. बाई इस्पितळात शुद्धीवर येते. अपघात झालेला असतो. शेजारी एक दाढीवाला बसलेला असतो. तो म्हणतो, "मी तुझा नवरा." एवढ्या पुराव्यावर ती पुढच्या प्रसंगात त्याच्या गाडीत असते. निघताना डॉक्टर बजावतात, "यांच्या मनावर ताण येऊ देऊ नका." नवरा ते फार मनावर घेतो आणि तिला थेट वडिलोपार्जित घरात घेऊन जातो, जिथे दिवे आपोआप जातात, फोनला रेंज नाही आणि जिन्याखालच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे.

"ही कोण?" आईनं विचारलं.

"तीच. नायिका."

"हिला मघाशी पट्टी होती ना?"

"काढली."

"एवढ्यात?"

"आजी, तीन महिन्यांनंतर असं लिहून आलं होतं," मुलगी म्हणाली.

"मग केस कसे तेवढेच?"

आईच्या असल्या प्रश्नांना आमच्याकडे कुणीच उत्तर देत नाही, कारण कुणाकडेच ते नसतं. माझं लक्ष तर निराळ्याच गोष्टीकडे गेलं होतं. इस्पितळातल्या पलंगामागचा स्विचबोर्ड आणि वडिलोपार्जित घरातल्या शयनगृहातला स्विचबोर्ड एकच होता. तोच तडा, तेच एक बटण गेलेलं. म्हणजे ती बाई शंभर मैल गाडीतून गेली आणि उतरली त्याच खोलीत. घर ओळखीचं वाटतंय असं ती पुढे म्हणाली तेव्हा मला तिचं काहीच चुकलेलं वाटलं नाही.

काटकसरीला माझी ना नाही. भयपटांची निम्मी थोरवी काटकसरीतच आहे. १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. १९७८च्या 'हॅलोविन'मधला खुनी ज्या पांढऱ्या मुखवट्यानं जगाला घाबरवून गेला, तो 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्या आत मिळालेला मुखवटा होता. वरून रंग फासला आणि भुवया काढल्या, एवढंच. त्याच चित्रपटात शिशिरातली पानगळ हवी होती आणि चित्रीकरण चाललं होतं वसंतात, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की गोळा करायची आणि पुढच्या दृश्यात परत पसरायची. ओरेन पेली यांनी तर 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये उरकला आणि त्याने पुढे जगभरात एकोणीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पैसे नव्हते म्हणून या मंडळींनी डोकं चालवलं. आमच्या वाट्याला येणाऱ्या सिनेमांत दोन्हींची बचत केलेली असते.

कारण स्मृतिभ्रंशानं नुसता मेकअपचा खर्च वाचत नाही, पटकथेचाही वाचतो. नायिकेला काहीच आठवत नाही म्हटल्यावर जो येईल तो तिला तिचंच चरित्र ऐकवत सुटतो. "तुला आठवत नसेल, पण तुझे बाबा याच विहिरीत..." असं म्हणून मोलकरीण तोंडावर हात ठेवते आणि आत पळते. मग माळी येतो, तो उरलेलं अर्धं वाक्य अर्धंच पुरं करतो. ज्या घरात गुपितं जपायची आहेत त्या घरात अशी अर्ध्या वाक्यांची माणसं कामाला कोण ठेवतं, देव जाणे. बाकी सगळा वेळ ती बाई हातात मेणबत्ती घेऊन फिरते. मोबाइलला रेंज नसेल, पण त्यात विजेरी असते हेही ती विसरलेली असते.

तिनं काय विसरावं आणि काय नाही, याचे नियम मला अजून उमगलेले नाहीत. नाव आठवत नाही, नवरा आठवत नाही, पण पियानो दिसला की बोटं आपोआप चालतात. गंमत म्हणजे हे पियानोचं तेवढं शास्त्राला धरून आहे. हेन्री मोलायसन नावाच्या एका अमेरिकन माणसावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला भेटत होत्या, आणि तो दर वेळी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. पण आरशात बघून चांदणी गिरवण्याच्या प्रयोगात तो दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलंय हे त्याच्या गावीही नसायचं, हाताला मात्र ठाऊक असायचं.

बाकीचं सगळं उफराटं. डोक्याला मार लागून आठवणी जातात तेव्हा बहुधा अलीकडच्या आधी जातात आणि जुन्या टिकून राहतात. म्हणजे या बाईला अपघाताची सकाळ आठवायला नको आणि लहानपणचं घर लख्ख आठवायला हवं. तसं झालं तर सिनेमा बाराव्या मिनिटाला संपेल, ही दिग्दर्शकाची अडचण मला समजते. सॅली बॅक्सेंडेल या मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सिनेमातल्या स्मृतिभ्रंशावर लेख लिहिला. त्यात त्यांनी ज्या थोड्या पात्रांना शाबासकी दिली, त्यांत 'फाइंडिंग निमो'तली डोरी आहे. डोरी म्हणजे निळा मासा. स्मृती जाणं खऱ्यासारखं कुणी दाखवलं, तर एका कार्टूनमधल्या माशानं.

मी हे घरात सांगितलं. बायको म्हणाली, "तू बघतोयस की चुका काढतोयस?" हा प्रश्न नाही हे मला कळतं.

तसा मी नुसता बसून बघतच नव्हतो, मला काम असतं. अशा सिनेमांत रिमोट माझ्याकडे असतो. मान म्हणून नव्हे, हमाली म्हणून. यातली सगळी माणसं गुपितं बोलत असल्यामुळे कुजबुजतात. आई म्हणते, "काय म्हणाला? वाढव जरा." मी आवाज वाढवतो. "त्या रात्री... तुझी बहीण..." अजून वाढवतो. "तुझी बहीण मेली नव्हती, तिला..." आणि त्याच क्षणी कपाटावरून मांजर उडी मारतं, चाळीस व्हायोलिनं एकदम किंचाळतात आणि शेजारच्या घरातला दिवा लागतो. मी धडपडत आवाज कमी करतो. तोवर बहिणीचं काय केलं ते सांगून झालेलं असतं. "काय केलं म्हणाला?" आई विचारते. मागे नेऊन पुन्हा लावावं तर मांजरही पुन्हा उडी मारतं, आणि ते येणार हे माहीत असूनही मुलगी पुन्हा तेवढ्याच जोरानं ओरडते.

या दचकवण्याच्या धंद्याचा एक मूळपुरुष आहे. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री निर्जन रस्त्यानं चालली आहे, मागे कुणीतरी आहे, पावलं थांबतात, शांतता, आणि फस्सकन आवाज करत पडद्यात घुसते ती साधी बस. निर्मात्याच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. त्या चित्रपटात ती शांतता आधी कमावलेली होती. आमच्याकडे फ्रिजचं दार बंद झालं तरी व्हायोलिनं. फोनवर मेसेज आला तरी व्हायोलिनं. एकदा तर नायिकेनं भिंतीवर स्वतःचीच सावली पाहिली तरी व्हायोलिनं. वादकांना बहुधा पूर्ण दिवसाचे पैसे दिलेले असावेत.

दचकवणं नसतं तेव्हा अंधार असतो. अंधारही फुकटच. पडद्यावर इतकं काळं होतं की त्यात आमचं अख्खं कुटुंब ओळीनं बसलेलं दिसतं. मध्येच आई म्हणाली, "हे कोण बसलेत आता?" आणि त्या रात्री मी खराखुरा दचकलो तो एवढाच.

आता गुपित. जिन्याखालच्या खोलीत ट्रंक निघते आणि तिच्यात सगळं असतं. डायरी असते, तीत खुनाच्या रात्रीची नोंद तारीखवार. फोटो असतो, त्यातला एक चेहरा खरवडलेला. मृत्युपत्र असतं, बहिणीची बाहुली असते. इतकं भयंकर कृत्य करून ते इतक्या शिस्तीनं एका जागी लावून ठेवणारी माणसं बघून माझा जीव हरखतो. आमच्या घरात लपवलेलं असं काही नाही, पण घराची कागदपत्रं कुठल्या पिशवीत आहेत हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. आमच्या घराण्यावर सिनेमा काढला तर नायिका शेवटपर्यंत पिशव्याच उपसत बसेल, आणि तिच्या हाती मिक्सरचं गॅरंटी कार्ड लागेल.

शिवाय स्मृती परत आली म्हणजे खरी गोष्ट कळली, हा या सिनेमांचा विश्वास मोठा गोड आहे. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चोवीस माणसांना त्यांच्या नातेवाइकांकडून मिळवलेल्या लहानपणच्या तीन खऱ्या हकिगती सांगितल्या आणि चौथी खोटी घुसडली : तू लहानपणी मोठ्या बाजारसंकुलात हरवला होतास. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते न घडलेलं हरवणं थोडंफार 'आठवलं'. घरच्यांनी सांगितलंय म्हटल्यावर माणूस आठवून दाखवतो. या एका प्रयोगावर खरोखरच घाबरवणारा सिनेमा निघेल, तोही ट्रंकेशिवाय. पण आमची नायिका जिन्यावरून गडगडते, डोकं त्याच जागी आपटतं आणि पिवळ्या उजेडात सगळं क्रमवार आठवतं. पिवळा उजेड म्हणजे भूतकाळ. जिना तोच, बाई तीच, फक्त दोन वेण्या.

या वेळेपर्यंत आई झोपली होती. नायिका कड्यावर उभी, समोर नवरा, मागे चुलते, हातात पिस्तूल कुणाच्या ते अंधारामुळे कळत नाही. बायको म्हणाली नवरा. मुलगी म्हणाली नवरा नाही, ती स्वतःच बहीण आहे. मी म्हणालो मोलकरीण, कारण मला ते लवकर संपवायचं होतं.

"काका," आई डोळे मिटूनच म्हणाली.

निघाले काकाच.

"आजी, तू तर झोपली होतीस!"

"अगं, सुरुवातीपासून तो एकटाच सगळ्यांना पाण्याचे ग्लास आणून देत होता. काम नसलेला माणूस उगाच कशाला एवढा पुढेपुढे करेल?"

पंचाहत्तर मिनिटांचं रहस्य असं पाण्याच्या ग्लासात संपलं. दिवा लावायला मी उठलो, तर पडद्यावर कोपऱ्यात आकडे उलटे पळू लागले : भाग दुसरा आपोआप सुरू होत होता. मुलीनं पहिली दोन मिनिटं बघू दिली. बाई इस्पितळात शुद्धीवर येते. कपाळाला पट्टी. मागे तोच स्विचबोर्ड. ती पहिला भाग विसरली आहे, त्यामुळे दुसऱ्या भागात तिला जे काही आठवणार ते पहिल्या भागातलंच जसंच्या तसं दाखवता येणार, नवं चित्रीकरण करायलाच नको. त्या निर्मात्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

"ही कोण?" आईनं विचारलं.