संपाला शिव्या, कराराची पगारवाढ खिशात

आज सकाळी इथे नेदरलँड्समध्ये रेल्वेचा संप. गाड्या बंद. आणि चहा होतोय न होतोय तोच आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला: "या युनियनवाल्यांनी युरोप बुडवायला घेतलाय. गिरणगावाचं काय झालं ते यांना दाखवा एकदा." खाली अंगठ्यांची रांग. त्या रांगेतले दोघे तर असे, की मेटल उद्योगाच्या सीएओमधून, म्हणजे युनियन आणि मालकांच्या सामूहिक करारातून, वाढ झाली तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकत होते. ती वाढ काय एचआरच्या मावशीनं प्रेमानं दिली होती?

ग्रुपवर दिवाळीच्या वर्गणीशिवाय कशावरही वाद घालायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून इथे लिहितेय. वाचा नाहीतर सोडा.

नेदरलँड्समध्ये शंभरातले वीस कामगारसुद्धा युनियनचे सभासद नाहीत. तरी सामूहिक करार साधारण चारांतल्या तिघांना लागू होतो. कारण १९३७ च्या कायद्यानं मंत्री तो अख्ख्या उद्योगाला लागू करू शकतात. म्हणजे वर्गणी भरणार तो लोको पायलट, थंडीत पिवळं जॅकेट घालून उभा राहणार तो, आणि स्लिपवर वाढ बघून खूश होणार आपण. वर पुन्हा "आपण नॉलेज मायग्रंट, कौशल्याच्या व्हिसावर आलेले, आपल्याला काय करायचीय युनियन." छान.

आता माझ्या आधीच्या कंपनीतली गोष्ट. नाव घेत नाही. इथल्या दक्षिणेकडच्या ब्राबंट प्रांतातली मोठी गोदामवाली कंपनी, मी आयटीत. वरून फर्मान आलं की आयटीचा मोठा भाग पुण्याला हलवायचा. हो, पुण्याला. मराठी बाईची नोकरी पुण्याला जाणार, यावर ऑफिसात पुरेसे विनोद झाले, तुम्ही नवे करू नका. इथल्या कायद्यानं असा निर्णय घेण्याआधी वर्क्स कौन्सिलचा, म्हणजे कंपनीतल्या कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाचा, सल्ला घ्यावाच लागतो. सल्ला डावलला तर महिनाभर थांबायचं, आणि तेवढ्यात कौन्सिल ॲमस्टरडॅमच्या कोर्टात जाऊ शकतं. तांत्रिक बाजू समजावून सांगायला मला कौन्सिलच्या बैठकीला बोलावलं होतं.

कौन्सिलचा अध्यक्ष फोर्कलिफ्ट चालवायचा. शिफ्टमधून थेट आलेला, डब्यात चीज लावलेला ब्रेड. डायरेक्टरसाहेबांचं प्रेझेंटेशन चालू असताना हा शांतपणे खात होता. संपल्यावर म्हणाला, "तिसरं पान परत दाखवा." त्या पानावर बचतीचा आकडा होता. "यात पुण्याच्या लोकांना शिकवायचा वेळ कुणाच्या खात्यात धरलाय?" उत्तर नाही. मग त्यानं विचारलं, "आमची गोदामं रात्री चालतात. तिकडे तेव्हा पहाट असेल. ती पाळी कोण करणार, आणि त्यांना भत्ता किती?"

माझ्या मावसबहिणीचा मुलगा हिंजवडीत असल्याच पाळ्या करतो. त्याला हा प्रश्न त्याच्या कंपनीत आजवर कुणी विचारलेला नाही. तो ब्राबंटच्या फोर्कलिफ्टवाल्यानं विचारला. घसा दाटून आला होता माझा.

असो. गिरणगावाकडे येते, कारण तो टोमणा मला फार लागलाय. माझे मामा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कुणी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आमच्याकडे दहा महिने भोंगे बंद असताना, इथे हेगजवळ वासेनारला मालकांच्या संघटनेचे प्रमुख ख्रिस फान फेन यांच्या घरी कामगारनेते विम कोक बसले. बेकारी भयंकर वाढलेली. नवं लुबर्स सरकार धमकावत होतं, तुम्ही जमवा, नाहीतर पगार आम्हीच गोठवतो. दोघांनी करार केला: पगारवाढीला आवर, बदल्यात कामाचे तास कमी, म्हणजे आहे ते काम जास्त लोकांत वाटायचं. कोक पुढे पंतप्रधान झाले.

"बघा, तिथे समजूतदारपणा आणि आपल्याकडे हट्ट," असं म्हणायला तुमची जीभ वळवळतेय ना? थांबा. आपल्याकडे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. गिरण्यांत वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. आणि कामगार उभे होते संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. ज्याला खुर्ची होती त्याच्यावर कामगारांचा विश्वास नव्हता आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याला खुर्ची नव्हती. कोणाशी करार करणार होतात? सामंतांच्याही चुका होत्या, मान्य. पण मामांच्या घरात काय काय विकलं गेलं ते मी पाहिलंय. त्या संपाचा मीम म्हणून वापर करू नका.

इथे खुर्ची कायद्यानं ठेवलेली आहे. हेगला सोशल अँड इकॉनॉमिक कौन्सिल आहे, १९५० पासून. ११ मालकांचे, ११ कामगारांचे, ११ स्वतंत्र तज्ज्ञ. पेन्शनचा नवा कायदा २०२३ ला आला, त्याआधी सरकार, मालक आणि युनियन किती वर्षं भांडत होते! ब्रसेल्सलाही तेच. ३१ जानेवारी १९८५ ला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जॅक दलोर यांनी मालक आणि युनियन दोघांना वाल डचेसच्या वाड्यात बोलावलं, आणि पुढे थेट युरोपच्या करारातच तरतूद झाली: कामगारविषयक कायदा आणायचा तर आधी या दोघांना विचारा, आणि त्यांचं आपापसात जमलं तर त्यांचाच मसुदा कायदा होऊ शकतो. पालकत्व रजा १९९५, अर्धवेळ काम १९९७, मुदतीची कंत्राटं १९९९. मुलं झाल्यावर आठवड्यातले तीन-चार दिवसच काम करणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या बायकांनो, अर्धवेळवालीला तासामागे कमी लेखायचं नाही, हे याच दोघांनी मिळून लिहिलंय.

आणि आता राग येतो तो भाग. हे सगळं वरच्यांना सोयीचं असेल तोवरच. २०१२ मध्ये केशकर्तनाच्या धंद्यातल्या मालकांनी आणि कामगारांनी मिळून करार केला. दिवसभर पाण्यात आणि रसायनांत हात, त्वचा फाटते, म्हणून हातमोजे वगैरे. युरोपीय आयोगानं तो कायदा व्हायला पुढे पाठवलाच नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कराराचंही तेच, आणि २०२१ ला युरोपच्या कोर्टानं सांगितलं की पाठवायला आयोग बांधील नाही. ग्रीसमध्ये तर हद्द. फेब्रुवारी २०१२. मालक आणि युनियन, दोघंही सांगतायत की किमान वेतनाला हात लावू नका. ग्रीसला कर्ज देणाऱ्यांनी, म्हणजे युरोपीय संघानं आणि नाणेनिधीनं, लावायला लावला. ७५१ युरोंवरून ५८६. पंचविशीच्या आतल्यांना त्याहून जास्त कात्री. मालकच नको म्हणतोय आणि तुम्ही कापताय! तेव्हा कुठे गेला होता तुमचा संवाद?

हो, हे सगळं संथ असतं. आमच्या कंपनीतलं प्रकरण इतके महिने रेंगाळलं की काही चांगली माणसं वैतागून स्वतःच निघून गेली. शेवटी अर्धं काम पुण्याला गेलंच. पण ज्यांचं गेलं त्यांना प्रशिक्षण मिळालं, पैसे मिळाले, दुसरी नोकरी शोधायला वेळ मिळाला. आणि पुण्याच्या टीमचा रात्रपाळीचा भत्ता कागदावर आला, निदान आमच्या करारात तरी. तिसरं पान परत दाखवायला लावल्याशिवाय आला असता का?

दोन्ही बाजू कधीकधी संगनमतानं ढिम्म बसतात, हेही खरं. कामानंतर फोन बंद ठेवायच्या हक्काची बोलणी २०२३ मध्ये फिसकटली. आणि किमान वेतनाच्या युरोपीय कायद्याला डेन्मार्क-स्वीडनच्या युनियननीच विरोध केला, आमचं आम्ही बघतो म्हणून. त्यांचं बरोबर असेलही. त्यांच्याकडे ताकद आहे, ते म्हणू शकतात.

पण मला खरी टोचते ती वेगळीच गोष्ट. त्याच बैठकीच्या खोलीच्या काचेबाहेर पोलंड-रुमानियाहून एजन्सीमार्फत आलेली पोरं खोकी उचलत होती. राहायचं एजन्सीच्याच खोलीत, काम गेलं की छप्पर जायची भीती. त्या टेबलावर त्यांचं कुणी नव्हतं. बैठकीनंतर मी फोर्कलिफ्टवाल्याला तसं म्हणाले. तो डबा बंद करत म्हणाला, "माहितीये. त्यांच्यातला एकजण उभा राहायला तयार होता. कौन्सिलच्या निवडणुकीआधीच एजन्सीनं त्याला दुसऱ्या गोदामात पाठवलं."

यावर बोला काहीतरी. गाडी चुकली म्हणून रडू नका. उद्या सुरू होतेय ती.

आणि ज्यांना आपल्याला कुठला सीएओ लागू आहे हेच माहीत नाही, त्यांनी कॉन्ट्रॅक्ट काढून बघा, बहुतेक पहिल्या एक-दोन पानांतच लिहिलेलं असतं. सापडलं नाही तर इनबॉक्समध्ये या, शोधून देते. काकांनीही या.