लिव्हरवाल्या रायफलीचा तो फॉरवर्ड, आणि त्यातली एकेक थाप

मेसेज बघितलाच असेल सगळ्यांनी. निपाणीपासून खानापूर-लोंढ्यापर्यंत प्रत्येक शेतकरी ग्रुपवर सध्या तोच फिरालाय, सोबत एक व्हिडिओ पण आहे, टोपीवाला गोरा माणूस खटाक-खटाक लिव्हर मारून पत्र्याचे डबे उडवतोय. मजकूर थोडक्यात असा की रानडुकरांनी हैराण शेतकऱ्यानं लिव्हर ॲक्शन रायफल (चापाखालची दांडी, म्हणजे लिव्हर, पुढं-मागं ओढून दरवेळी नवीन काडतूस चढवायची) घ्यावी, कर्नाटकात शेतकऱ्याला लायसन लागत नाही, नवख्याला याच्याइतकी सोपी रायफल नाही, कधी अडकत नाही, कुठलीही गोळी चालते आणि टोकदार घातली तर आणखी लांब जाते, घोडा अर्ध्यावर ठेवून भरलेली खुंटीला टांगली तरी धोका नाही, आणि फौजेत नोकरी केलेल्याला तर शिकायचंच काय. खाली नेहमीचं, "जास्तीत जास्त शेअर करा".

जांबोटी-कणकुंबी भागात किंवा आमच्या पश्चिम भागातल्या रताळ्याच्या रानात सकाळी जाऊन डुकरांनी उकरलेले वाफे ज्यानं बघितलेत त्याला हा मेसेज का पटतो ते मला कळतंय, राग येतोच. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि त्यातला एक तर हात-तोंड फोडणारा आहे, म्हणून लिहालोय.

लायसनचं आधी. ही अफवा कुठून उठली ते पण सांगतो. कोडगू जिल्ह्यातल्या कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनवाल्यांना ब्रिटिश काळापासून लायसनमधून सूट आहे, केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं पण ती उचलून धरली. कुणीतरी यातला कोडगू काढून टाकला आणि कर्नाटक तेवढा ठेवला. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, इथल्या शेतकऱ्याला अशी कसलीही सूट नाही. शहराच्या हद्दीत पोलीस कमिशनर आणि बाकी जिल्ह्यात डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, यांच्याकडं अर्ज, पोलीस चौकशी, २०१६ च्या नियमांप्रमाणं बंदूक हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचा दाखला, सगळं करायलाच लागतंय. बिनलायसनची सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आत. आणि आपल्या सीमाभागाची आणखी एक गोम, लायसनवर ते कुठल्या हद्दीत चालतं ते लिहिलेलं असतंय, शेत चंदगड तालुक्यात आणि घर बेळगाव तालुक्यात असली कितीतरी घरं आहेत, त्यांनी फक्त कर्नाटकापुरत्या लायसनवर बंदूक घेऊन शिनोळी किंवा कोगनोळी ओलांडली की पलीकडं ते लायसन कामाचं नाही.

दुसरं, "पिकाच्या राखणीसाठी म्हणून रायफल मागा, द्यावीच लागते." कोण म्हणतंय? १९५९ च्या शस्त्र कायद्याचं १३ वं कलम काढून वाचा की. पीक राखायला म्हणून त्यात नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि तेवढ्यानं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली १२ बोर वगैरे. रायफलीच्या नळीत आटे असतात, ती यात बसत नाही. रायफलीचं लायसन कुणाला मिळतच नाही असं नाही, पण "डुकरं येतात" एवढ्या कारणावर ती हक्कानं मागता येत नाही. आणि समजा मिळालीच, तरी डुक्कर मारायला वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, गव्याचं तर नावच काढू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलात आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवणं कायदा समजून घेतो, पण मचाणावर बसून वाट बघणं त्यात येत नाही.

आता खऱ्या विषयाकडं, रायफलीकडं. इथून पुढचं त्यांच्यासाठी ज्यांच्याकडं वाडवडिलांची जुनी लिव्हर रायफल लायसनवर आहे, किंवा ज्यांची पोरं अमेरिका-कॅनडात आहेत आणि तिथल्या रेंजवर हातात घेणार आहेत. बाहेरून बंदुका आणणं १९८० च्या दशकात सामान्य माणसाला बंद झालं, त्यामुळं विंचेस्टर किंवा मार्लिन या अमेरिकन कंपन्यांची नवीन रायफल बेळगावच्या दुकानातून घेईन हे डोक्यातून काढून टाका.

"कुठलीही गोळी चालते, टोकदार घाला." हा तो हात-तोंड फोडणारा मुद्दा. बहुतेक लिव्हर रायफलींचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, ही नळीच्या खाली दुसरी एक नळी, ट्यूब. तिच्यात काडतुसं लोंढ्याला थांबलेल्या मालगाडीच्या डब्यांगत एकामागं एक उभी असतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या बरोबर मध्ये प्रायमर, म्हणजे पिन आदळली की पेटणारा मसाला. बार उडाला की रायफल मागं झटका खाते आणि सगळी रांग एकमेकांवर आदळते, नाक टोकदार आणि कडक असेल तर ते प्रायमरवर पिनसारखं बसतंय आणि ट्यूबमध्येच काडतूस फुटू शकतं, आणि ही ट्यूब तुमच्या डाव्या हाताच्या पंजात असते. म्हणून या रायफलींना चपट्या किंवा गोल नाकाची गोळी. हॉर्नडी कंपनीनं टोकाला मऊ रबरासारखं प्लास्टिक लावलेली टोकदार गोळी खास या ट्यूबसाठी काढली, ती चालते, पण ती वेगळी वस्तू झाली, दुकानात दिसली टोकदार की घाल असं नाही.

.२२ बोरच्या छोट्या काडतुसाला ही भीती नाही कारण तिचा मसाला बुडाच्या कडेत असतोय, मध्ये नाही, आणि शिसं पण गोल नाकाचं.

टोकदार गोळी चालणाऱ्या लिव्हर रायफली पण आहेत, त्यांना ट्यूबच नाही. जॉन ब्राउनिंगनं काढलेली विंचेस्टर १८९५ घ्या, खाली पेटी मॅगझिन, गोळ्या एकावर एक, पहिल्या महायुद्धात रशियानं जवळजवळ ३ लाख घेतल्या. सॅव्हेज ९९ मध्ये फिरतं मॅगझिन, ब्राउनिंग बीएलआर मध्ये काढघाल करायचं. म्हणजे हातात आलेल्या लिव्हर रायफलीला पहिला प्रश्न हाच विचारायचा, तुझ्या पोटात ट्यूब आहे का पेटी.

आणि "कुठलीही" यातला दुसरा घोळ काडतुसांच्या आकड्यांचा. .३०-३०, .३०-०६, .३०३, ऐकायला सगळी भावंडं वाटतात, पण एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही, आणि .३०३ तर आपल्याकडं प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं, आहे. नळीवर जे कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर जे कोरलंय ते तंतोतंत जुळलं पाहिजे, बस्स. अपवाद थोडेच आणि ते एकाच दिशेनं चालतात, .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशल उडवता येते, .३८ च्या हत्यारात .३५७ कधीच नाही. जुन्या वारशाच्या रायफलीला आणखी जपायला लागतंय, .४५-७० हे काडतूस १८७३ चं, त्याचे आजचे जड लोड जुन्या लोखंडाला सोसत नाहीत, नाव तेच असलं तरी. आणि आपल्याकडच्या दुकानात सहज दिसतात ती .३१५, .३२, .२२ आणि १२ बोरची काडतुसं, म्हणजे आजोबांची .३०-३० लायसनवर चढली तरी तिला खायला काय घालणार हा प्रश्न उरतोच.

"सगळ्यात सोपी, कधी अडकत नाही." अडकते की. आणि बहुतेक वेळा अडकवतो तो नवखाच, कारण त्याला वाटतं लिव्हर हळू, जपून ओढली की रायफल खूश. उलट आहे. लिव्हर पुढं शेवटपर्यंत आणि परत मागं शेवटपर्यंत, एका दमात, नाहीतर रिकामं टरफल पुरतं बाहेर पडत नाही, खालून नवीन काडतूस वर येतंय आणि दोघं दारात अडकून बसतात. पालथं पडून मारायचं असेल तर लिव्हर जमिनीला घासते, ते वेगळंच. फार लांब जाते हे पण सोडा, .३०-३० ही दीडशे-दोनशे यार्डांची गोळी, त्यापुढं ती झपाट्यानं खाली बसते.

निवडायचीच असेल तर नवख्यानं .२२ पासून सुरू करावं हे माझं ठाम मत, हेन्रीची साधी .२२, ब्राउनिंगची बीएल-२२, जुनी मार्लिन ३९ए मिळाली तर फारच भारी. झटका नाही, आवाज कमी, लिव्हरचा हात बसतो. मोठ्या बोरमध्ये दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन ३३६, तिचं टरफल बाजूनं उडतं, जुन्या विंचेस्टर ९४ चं वरून उडतं, दुर्बीण मधोमध बसवली की सरळ तिच्यावरच. ९४ दिसायला मात्र देखणी, त्यात वाद नाही.

भरायची कशी, मेसेजमध्ये नुसतं "वरून टाका" लिहिलंय. वरून कुठं? विंचेस्टर-मार्लिनच्या उजव्या कुशीत स्प्रिंगची एक छोटी झडप असते, काडतुसाचं नाक पुढं करून अंगठ्यानं आत ढकलायचं. पुरतं ढकललं की झडप बंद होते आणि पुढच्या वेळी पुन्हा अंगठ्याची साल निघते, म्हणून जुनी माणसं काडतूस थोडं बाहेर ठेवतात, झडप त्याच्या बुडानं उघडी राहते आणि पुढच्या काडतुसाच्या नाकानं त्याला आत लोटतात, शेवटचं तेवढं अंगठ्यानं. हेन्रीच्या बऱ्याच मॉडेलांना झडप नसते, रायफलीच्या तोंडाकडून पितळी आतली नळी वर ओढायची, खाच उघडी झाली की काडतुसं बूड खाली करून एकेक सोडायची, रायफल तिरकी धरून, उभी धरून टपाटप नाही. आणि हे करताना हात रायफलीच्या तोंडाजवळ असतोय, म्हणून त्याआधी लिव्हर उघडून चेंबर (बार उडताना काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे बघितल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. पहिले काही दिवस हे सगळं डमी काडतुसांवर करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.

"घोडा अर्ध्यावर ठेवला की सेफ." जुन्या डिझाइनमध्ये अर्ध्या घोड्याची खाच हीच काय ती सेफ्टी, हे खरं. पण चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना चाप दाबून, अंगठ्यानं घोडा धरून हळूच खाली आणायचा, घामेजलेला अंगठा निसटला की बार. शंभर वर्षं वापरलेली खाच झिजलेली पण असू शकते. नव्या मॉडेलांना वेगळं सेफ्टीचं बटण दिलंय ते उगाच नाही. घरात ठेवायची ती चेंबर रिकामं, ट्यूब रिकामी, रायफल कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. खुंटीला कंदील टांगा.

फौजेचा मुद्दा जरा नाजूक, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावात, घराघरांत रिटायर माणूस. त्या मेसेजखाली एका मामांनी लिहिलं होतं, "पोरा, मी एसएलआर चालवलोय, हे काय खेळणं." मामा, तुमच्या नेमाबद्दल शंका नाही. पण एसएलआर, इन्सास, या दोन्ही फौजी रायफलींचं मॅगझिन खालून काढून हातात येतंय, कॉक करून चेंबर बघितलं की रायफल खाली झाली हे हाताला पाठ असतंय. बँकेच्या गेटवरची दुनळी तर मधून वाकवून उघडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो. ट्यूबवाल्या लिव्हरमध्ये काढून घ्यायला काहीच नाही. झडपेवाल्या बहुतेक रायफली खाली करायला प्रत्येक काडतूस लिव्हर मारून बाहेर काढायला लागतंय, आणि प्रत्येक लिव्हरला घोडा चढतोय, म्हणजे नेमकं खाली करतानाच रायफल वारंवार मारायला तयार होते. तेवढा वेळ बोट चापाच्या बाहेर आणि तोंड मोकळ्या मातीकडं. हेन्रीची आतली नळी काढून ट्यूब ओतली तरी एक चेंबरमध्ये किंवा वर उचलणाऱ्या कॅरिअरवर बसलेलं असू शकतं. मोजून भरायची, मोजून काढायची, शेवटी करंगळी आत घालून चाचपायचं. फौजेचा हात असेल तर हे तासाभरात बसेल, पण ते शिकायला लागेल.

राहता राहिली मेसेजच्या शेवटची लिंक, "लिव्हर ॲक्शन, विनालायसन, घरपोच". ती हवेची छर्र्याची बंदूक आहे, अमेरिकेत पोरांसाठी विकतात त्या डेझी रेड रायडरसारखी, लिव्हर ओढली की आत स्प्रिंग दाबते, इतकंच. .१७७ बोर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर तिला लायसन लागत नाही हे बरोबर, अंगणात लिंबू ठेवून नेम धरायला झकास. पण तिनं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतंय आणि सकाळी पाणी पाजायला गेलेल्याच्या अंगावर येतंय, वर वन्यजीव कायद्याची केस तुमच्यावर ती वेगळी. नुकसान झालं असेल तर उकरलेल्या रानाचे फोटो लगेच काढा, आरटीसी (आपला सातबारासारखा जमिनीचा) उताऱ्यासोबत रेंज फॉरेस्ट ऑफिसला अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत वाफे सारखे करू नका.